पायांतला जोर

"जीभ काढ."

हर्षदानं जीभ काढली.

"एवढीच? मला वेडावून दाखवायचंय असं समज आणि काढ."

तिनं हनुवटीपर्यंत काढली आणि डोळ्यांनी हसली. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवलेली, त्यामुळे आवाज नव्हता. हसायचं, रडायचं, रागवायचं ते सगळं डोळ्यांनीच. मी तिच्या कपाळावर टिचकी मारली.

"रोहिणी मॅडम," पलीकडच्या खाटेवरचं सलाइन बदलता बदलता सिस्टर जयमाला म्हणाल्या, "पेशंटला टिचक्या मारायला कुठल्या कॉलेजात शिकवतात?"

"आळशी पोरी सरळ करायच्या असतात त्या सगळ्या कॉलेजांत."

मी तेव्हा बार्शीकडच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत फिजिओथेरपिस्ट होते. वय कमी, जीभ तिखट आणि राग नाकाच्या शेंड्यावर. माझं काम साधं होतं. मरता मरता वाचलेल्या माणसाच्या अंगात किती जोर उरलाय ते रोज बघायचं आणि उरला असेल तो वाढवायचा. सुरुवात कायम पाच हुकमांनी. डोळे उघड-मीट, माझ्याकडे बघ, जीभ काढ, भुवया उचल, उशीवरच मान हलव. सांगितल्यावर हे जमलं तर माणूस शुद्धीवर आहे. मग हातापायांचा जोर, शून्य ते पाच. शून्य म्हणजे स्नायूत काही उरलेलं नाही. पाच म्हणजे मी अंगाचा भार टाकून दाबलं तरी न जुमानणारा.

शिकायला येणाऱ्या पोरी नेहमी एक या आकड्यापाशी अडतात. एक म्हणजे हातपाय जागचा हलत नाही, पण स्नायू आतल्या आत आवळतो. बघणाऱ्याला काही दिसत नाही. ज्याचा तळवा त्यावर ठेवलेला असेल त्यालाच कळतं.

हर्षदाच्या पोटात द्राक्षबागेवर फवारायचं औषध गेलं होतं. बाविशीची पोर, डी.एड.ला शिकत होती. परीक्षेच्या भीतीनं प्याली, असं तिच्या भावानं लिहून दिलं होतं. या विषानं स्नायूच लुळे पडतात. मान सगळ्यांत आधी जाते आणि सगळ्यांत शेवटी परत येते. व्हेंटिलेटर निघून तिला चार-सहा दिवस झाले होते, पण उशीवरून डोकं उचल म्हटलं की अजून केस तेवढे हलायचे.

"माझा हात दाब. उजव्या हातानं."

तिनं दाबला. बरा दाबला. आधीच्या दिवसापेक्षा चांगला.

"शाबास. लवकरच खडू धरशील. आता पाय."

पायांपाशी आमचं रोज भांडण व्हायचं. मी घोट्याला हात लावला की ही सगळी ताठ. डोळे पांढरे, छाती भात्यासारखी, नळीतून थुंकी उडायची. दोन्ही घोट्यांवर पिवळे पडत चाललेले वळ होते. झटके येत होते म्हणून गाडीत बांधून आणली असेल, असं मी धरून चालले होते. मी दटावायची, ती डोळे मिटून घ्यायची, मग मी घोट्याऐवजी तळव्याला तळवा लावायची आणि म्हणायची, ढकल. तेव्हा मात्र ती अशी ढकलायची की मी मागे सरकायची.

त्या संध्याकाळी डॉक्टर मुंगळे आले तेव्हा भेटायची वेळ होती. हर्षदाचा भाऊ बालाजी खाटेशी उभा होता. तिशीतला, धिप्पाड, पांढरा स्वच्छ शर्ट, बोलायला मऊ. साऱ्या आयसीयूचा तो लाडका होता. इतर बायकांच्या भावांना आम्ही बघत होतो ना, दारातूनच तोंड दाखवून पळणारे. हा रोज यायचा, बहिणीचे केस विंचरायचा. म्हणून मीच त्याला शिकवलं होतं, तिची बोटं कशी उघडायची, मनगट कसं फिरवायचं. आमच्याकडे पद्धतच आहे ती. घरच्या माणसाला व्यायाम शिकवायचा, म्हणजे मायेच्या हातानं होतो.

"सर, पाचही हुकूम घेते ती आता," मी म्हणाले. "बघा. हर्षदा, जीभ काढ."

काही नाही.

"हर्षदा. डोळे मीट."

छताकडे बघत राहिली. दगड. मॉनिटरवर नाडीचा आकडा तेवढा चढत होता.

"सकाळी करत होती सर. सिस्टरनी बघितलंय."

"आवं मॅडम, तुमी मायेनं सांगताय," बालाजी म्हणाला. "पन तिला काय बी समजंना. आमी रोज बघतोय नव्हं."

"मग नाडी का धावतेय?"

"रक्ताचं नातं हाय मॅडम. ते थोडंच इसरतंय?"

डॉक्टरांनी मला बाहेर जिन्यापाशी नेलं. घाबरट नव्हता माणूस, पण थकलेला होता.

"नीट ऐक," ते म्हणाले. "पोलिसांना तिचा जबाब हवाय. ती शुद्धीवर आहे असं मी लिहून दिलं, तर जबाब होईल आणि तिच्या मर्जीशिवाय तिला इथून कुणी हलवू शकणार नाही. शुद्धीवर नसेल तर घरचे म्हणतील ते. घरचे म्हणतात, घेऊन जातो."

"घरी नळी कोण साफ करणार? दोन दिवसांत गुदमरून मरेल."

"ते मला कळतं. पण मी आज लिहिलं आणि ती त्यांच्यासमोर अशी पडून राहिली, तर उद्या म्हणतील डॉक्टरांनी बनाव केला. आधीच दारात माणसं जमवलीत त्यांनी. काय ते त्यांच्यासमोर करून दाखव."

रागानं माझे कान तापले होते. बाहेरच्या बाकड्यावर हर्षदाची आई बसली होती, इंदुबाई. सुरकुतलेली, किरकोळ बाई, लहान मुलीसारखे हात. वडील कधीच वारलेले. पोरीला असं बघवत नाही म्हणून ही आत म्हणून येत नव्हती. मला बघून तिनं पदरातून द्राक्षांचा घड काढला.

"घरची हायत. खा."

मी उभ्या उभ्या खाल्ली. भूक लागली होती.

"पाय हालत्यात का वो तिचं?" तिनं विचारलं. रोज हेच विचारायची. हाताचं नाही, बोलण्याचं नाही.

"पाय चांगले आहेत मावशी. सगळ्यांत जास्त जोर पायांतच आहे."

"सायकल हाणायची ना शाळंला. लई घट हायत पाय तिचं. धरून ऱ्हात न्हाईत." मग ती स्वतःच्या तळहातांकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हर्षदाचा उजवा हात हातात घेतला आणि ती कळवळली. बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती. सलाइन बाहेर झिरपलं असेल म्हणून जयमाला सिस्टरनी सुई डाव्या हातात घातली, मी बर्फ लावला. हात दाब म्हटलं तर बोटं मिटेनात. बाकी सगळं अंग सुधारतंय आणि हाच एक हात मागे चाललाय, हे माझ्या डोक्यात शिरेना. विषानं असं होत नाही. विष डावं-उजवं करत नाही.

"कुणी काही केलं का गं?" मी सहज विचारलं.

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग दाराकडे. मग माझ्याकडे. भेटायच्या वेळेला त्या दारातून तिच्याकडे एकच माणूस येत होता.

भेटायच्या वेळी मी शेजारच्या खाटेच्या पडद्याआड उभी राहिले. बालाजी आला. सिस्टरना नमस्कार केला, स्टूल ओढलं, चादरीखाली हात घातला.

"हळूहळू बरं व्हायचं बाळा," तो म्हणत होता. "घाई न्हाई करायची. लिवायची तर मुळीच घाई करायची न्हाई."

मॉनिटर टिकटिक करत पळायला लागला. हर्षदाचं तोंड उघडलं, आणि आवाज नसलेली किंकाळी कशी दिसते ते मी तेव्हा पाहिलं. डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. तो तिच्या केसांवरून दुसरा हात फिरवत होता.

मी जाऊन चादर ओढली. तिची दोन बोटं त्यानं मुठीत धरून पार मनगटाकडे उलटी नेली होती.

"सोड."

"काय झालं मॅडम?" त्यानं सावकाश सोडली. "तुमीच शिकवलं न्हाई का? बोटं मागं न्यायची म्हून."

मी त्याच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी पूर्ण ताकदीनं मारलं. त्याचा गाल हललासुद्धा नाही. तो माझ्याकडे बघून हसला, मान वाकवून कानाशी आला आणि त्याच मऊ आवाजात म्हणाला, "बाईमाणूस हायसा म्हून. आज घिऊन जातो तिला. तुमच्याच्यानं हुईल ते करा."

तो बाहेर गेल्यावर एक्स-रे काढला. दोन बोटं मोडली होती, एक आदल्या दिवशीचं, एक आत्ताचं. डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. मग पोलीस चौकीला फोन लावला. तिकडून हवालदार ढवळे एकटेच आले, बाकीची गाडी बंदोबस्ताला गेली होती. तोवर दारात दोन जीपगाड्या लागल्या. गावातली माणसं उतरली, कुणाच्या हातात ऊस, कुणाच्या हातात गज. रखवालदाराला त्यांनी कॉलरला धरून बाजूला केला.

बालाजी आत आला तो कागद मागतच. "सही करतो. आमच्या जबाबदारीवर नेतो."

"शुद्धीवर असेल तर तिला विचारावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"इचारा की. माझ्याम्होरं इचारा. मागनं काय बी लिवून घ्याल."

खाटेभोवती आम्ही उभे राहिलो. डॉक्टर, ढवळे हवालदार, जयमाला सिस्टर, मी. बालाजी उशाशी, हर्षदाच्या प्लास्टर केलेल्या हाताजवळ. त्यानं बोटानं त्या प्लास्टरवर हळूच टकटक केलं.

"डोळे मीट," मी म्हणाले.

नाही.

"जीभ काढ."

नाही. ती पुन्हा दगड झाली होती. बाहेर कुणीतरी दारावर गज आपटत होतं.

"झालं का समाधान?" बालाजी म्हणाला. ढवळे खाली बघायला लागले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं आलं. आता मी काही करू शकले नाही, तर ही पोर जीपमध्ये जाणार होती.

"पायांचा जोर राहिलाय," मी म्हणाले. "तेवढा बघू द्या. मला एकटीला तिचा पाय पेलत नाही. दादा, तुम्ही धरता?"

"आता कशाला ते?"

"धरा की. तुमच्या मते तिला काही समजत नाही. मग भीती कशाची वाटते?"

हवालदाराच्या देखत भीतीचं नाव काढलेलं त्याला सोसलं नाही. तो फिरून पायथ्याशी आला. मी हर्षदाचा उजवा गुडघा दुमडून पोटाशी आणला आणि तळवा बालाजीच्या छातीवर टेकवला. "असंच वाका. भार द्या." तो वाकला. पाच आहे की चार, हे आम्ही असंच ठरवतो.

"ढकल हर्षदा."

पाय लाकडासारखा पडून राहिला.

"ढकल."

"शून्य," बालाजी म्हणाला. आमचे आकडे ऐकून ऐकून त्याला पाठ झाले होते.

मी तिच्या कानाशी वाकले. "हर्षदा, बघ. आज तो तुझ्या हातापाशी नाही. पायापाशी आहे."

तिनं नजर खाली वळवली. आपल्या पावलावरून पलीकडे, त्याच्या तोंडाकडे. मांडीवर माझा तळवा होता. आधी आतून एक थरथर आली, मग ती मांडी दगड झाली आणि मग तिनं लाथ घातली.

तो उडाला. मागच्या थुंकी ओढायच्या मशीनवर पडला, काचेची बरणी फुटली, कपाळ पलीकडच्या खाटेच्या कठड्यावर आदळलं. रक्त त्याच्या पांढऱ्या शर्टावर पसरलं. मग तो उठला आणि त्याचा मऊपणा तिथंच काचांत पडून राहिला.

"रांडं," म्हणत त्यानं खाटेवर झेप घेतली. एक बुक्की तिच्या पोटात घातली, दुसरी छातीत. मग गळ्यातली नळी धरून ओढली. टाका तुटला, हवा फसफसली, तिचं तोंड निळं पडायला लागलं. मी त्याच्या पाठीवर चढले आणि त्याच्या मनगटाला चावले. हाडाला दात लागेपर्यंत चावले. त्यानं कोपर माझ्या तोंडावर मारलं. माझा एक दात जिभेवर आला, मी तो थुंकला आणि पुन्हा चावले. मग त्यानं माझा डावा हात धरला आणि पाठीमागे पिरगळला. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. हा आपल्याच हाडाचा आवाज, हे कळायलासुद्धा मला वेळ लागला.

जयमाला सिस्टरच्या हातात ऑक्सिजनच्या सिलिंडरची लोखंडी चावी होती. पन्नाशीची बाई, रोज गुडघे दुखतात म्हणून तेल लावून येणारी. तिनं ती चावी बालाजीच्या गुडघ्यावर घातली. तो खाली आला. दुसऱ्यांदा घातली तेव्हा ओरडला. तेव्हा कुठे ढवळ्यांच्या अंगात प्राण आला आणि त्यांनी त्याच्या मानेवर गुडघा रोवला. बाहेर काच फुटली. एक दगड आत येऊन व्हेंटिलेटरवर आपटला. शुद्धीवरच्या दोघा-तिघा पेशंटांनी डोक्यावर चादरी ओढून घेतल्या.

डॉक्टर रक्तानं निसरड्या झालेल्या हातांनी तिच्या गळ्यात नळी परत सरकवत होते. "श्वास घे," ते म्हणत होते. "घे बाई, घे."

आणि फरशीवर दाबून धरलेला बालाजी तिच्याकडे मान वळवून बोंबलत होता, "तवाच आजून येक झाकण वतायला पायजे हुतं. दात उचकटून तोंडात वतलं, तरी मेली न्हाईस. त्या भिकारड्याशी लगीन लावतीस? आमच्या घरात ऱ्हाऊन?"

ढवळ्यांनी वर बघितलं. डॉक्टरांनी बघितलं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

तिनं श्वास घेतला.

बाहेरच्या माणसांना पोलिसांची गाडी निघाल्याचं कळलं आणि जीपगाड्या आल्या त्याहून लवकर गेल्या. सख्खा पुतण्या म्हणून छाती बडवणारा चुलतासुद्धा गेला. बाकड्यावर इंदुबाई तेवढी राहिली.

माझ्या ओठाला टाके पडले, हात गळ्यात अडकवला. घरी जा म्हणाले. मी गेले नाही. नायब तहसीलदार जबाब घ्यायला येणार होते आणि हर्षदाला बोलता येत नव्हतं. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्यात सुई, मान डॉक्टरांनी वाळूच्या पिशव्या लावून पक्की केलेली, जराही हलवायची नाही. मीच म्हटलं, पायानं सांगेल. हो असेल तर पाय उचलेल, नसेल तर नाही. सगळ्यांना लांबून दिसेल.

तहसीलदार सावकाश बोलणारे गृहस्थ होते. आधी त्यांनी मला पाच हुकूम द्यायला लावले. मान सोडून चार तिनं पटापट केले. जीभ तर हनुवटीपर्यंत काढली. रडू येत होतं तरी मला हसू आलं. मी खाटेशी स्टूल घेऊन बसले आणि धड हाताचा तळवा तिच्या मांडीवर ठेवला. धीर म्हणून ठेवला होता.

"तू स्वतः औषध प्यालीस का?"

पाय खाली.

"कुणी पाजलं?"

पाय वर.

"भावानं? बालाजीनं?"

पाय असा वर गेला की चादर खाली पडली.

"मुकुंद नावाच्या मुलाशी तू नोंदणी लग्न केलंस म्हणून?"

पाय वर. मुकुंद म्हणजे तिच्या कॉलेजातला मुलगा. त्यालाही यांनी मारून कालव्याच्या कडेला टाकलं होतं. तो सोलापुरात दवाखान्यात होता आणि जिवंत होता, हे तिला तहसीलदारांनीच सांगितलं. ती बराच वेळ डोळे मिटून राहिली. त्यांनी तिला वेळ दिला.

मग त्यांनी तिच्या घोट्यांकडे बोट केलं. "डॉक्टर, हे वळ?"

"बांधल्याचे नाहीत," डॉक्टर म्हणाले. "दोरीचा वळ गोल फिरतो. हे बोटांचे आहेत."

मी तेव्हा नीट बघितलं. चार बोटं एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला. रोज बघत होते मी ते. बालाजीच्या पंज्याचे नव्हते. लहान हाताचे होते.

"तोंड उघडून ओतणारा एक," तहसीलदार म्हणाले. "त्याचे दोन्ही हात तिकडे गुंतलेले. मग पाय कुणी धरले होते? चुलत्यानं?"

पाय खाली.

"चुलत्याच्या मुलानं?"

खाली.

"घरात आणखी कोण होतं?"

याला हो-नाही उत्तर नव्हतं. त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी मागे वळून बघितलं. काच फुटलेल्या दारापलीकडे बाकडं दिसत होतं. इंदुबाई पदर तोंडात धरून बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

"आईनं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

पाय हलला नाही.

पण माझा तळवा तिच्या मांडीवर होता. चामडीखाली मांडी एकदा आवळली आणि सुटली. पुन्हा आवळली, आणि तिनं ती सगळ्या जोरानिशी खाली दाबून धरली. मघाशी दणकट माणसाला उडवून देणारा पाय होता तो. हर्षदा माझ्याकडे बघत होती. तिला माहीत होतं की मला कळलंय. लांबून कुणाला काही दिसलं नाही.

"नाही ना?" तहसीलदारांनी विचारलं.

मी तळवा तिथंच ठेवला. तिची साक्ष होती, माझी नव्हती.

"आईचा हात नाही," त्यांनी कारकुनाला सांगितलं आणि उठले.

सगळे बाहेर गेल्यावर इंदुबाई आत आली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. पायथ्याशी उभी राहिली. खाली पडलेली चादर तिनं उचलली आणि पोरीच्या पायांवर घालायला वाकली. तिचे हात घोट्यापाशी आले आणि हर्षदानं दोन्ही गुडघे झटक्यात पोटाशी ओढून घेतले. इंदुबाईचे हात मोकळ्या गादीवर तसेच राहिले.

"माजं नाव घेतलं का तिनं?" तिनं मला विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

"तुमच्यासाठी पाय उचलला नाही तिनं, मावशी."

ती पोरीकडे बघत राहिली. हर्षदानं डोळे मिटून घेतले होते. इंदुबाईनं चादर तिच्या गुडघ्यांवर टाकली, कुठंही हात न लावता, आणि पदरानं तोंड पुसलं.

"घ्यायला पायजे हुतं," ती म्हणाली.

फुटक्या काचांवरून अनवाणी चालत ती बाहेर गेली. तिथं ढवळे हवालदार कागद गोळा करत होते. ती त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसली.

"सायेब, लिवा," तिचा आवाज आत आला. "पाय म्या धरलं हुतं."